चित्रापुढे थांबायला शिकवणारा माणूस

विशेष प्रतिनिधी, मुंबई

महात्मा गांधी मार्गावरील राष्ट्रीय आधुनिक कला दालनात एखाद्या रविवारी दुपारी अर्धा तास कोपऱ्यात उभे राहावे आणि चित्रांऐवजी चित्रे पाहायला आलेली माणसे पाहावीत. बहुतेकांची रीत ठरलेली असते. माणूस चित्राजवळ येतो, आधी शेजारची पाटी वाचतो, चित्रकाराचे नाव ओळखीचे असेल तर मान डोलावतो, चित्रावर एक नजर टाकतो आणि पुढच्या पाटीकडे वळतो. ही रीत केवळ आपलीच आहे असे नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रेक्षकांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जेफ्री आणि लिसा स्मिथ या अभ्यासकांनी काही नामवंत चित्रांपुढे लोक किती वेळ थांबतात याची घड्याळ लावून नोंद केली, तेव्हा मध्यक कालावधी अवघा १७ सेकंद निघाला. म्हणजे निम्मे प्रेक्षक त्याहूनही कमी वेळ थांबले होते आणि त्यात पाटी वाचण्याचा वेळही आलाच.

तिकीट काढून, लोकलचा प्रवास करून आलेला माणूस १७ सेकंदांत पुढे सरकतो, याचा अर्थ त्याला चित्रात रस नाही असा नव्हे. चित्रापुढे थांबून करायचे काय, हे त्याला कोणी कधी दाखवलेले नसते. ते दाखवण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याला परदेशात ‘गॅलरी एज्युकेटर’ म्हणतात. आपण त्याला कलादालन-शिक्षक म्हणू. हे काम नेमके काय आहे, ते कसे चालते आणि इतके मोलाचे असूनही ते इतके दुर्लक्षित का, याचा हा धांडोळा.

काढायला शिकलो, पाहायचे राहिले

महाराष्ट्रात चित्रकलेचे शिक्षण नाही असे म्हणता येणार नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी लाखो विद्यार्थी बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द त्यामुळे मराठी घरांत रुळलेले आहेत. आपापल्या काळात तांब्या-पेल्याच्या छायेसाठी पेन्सिल घासलेले वाचकही पुष्कळ असतील. परंतु ही सारी तयारी चित्र काढण्याची असते. दुसऱ्याने काढलेले चित्र पाहावे कसे, त्याविषयी बोलावे कसे, हा विषय शाळेच्या वेळापत्रकात जवळजवळ नसतो. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेला माणूसही पुढे चाळिशीत कलादालनात शिरतो तेव्हा परक्यासारखा वावरतो. ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे म्हणून तो मोकळा होतो.

सार्वजनिक कलादालन हे नावाप्रमाणे सर्वांचे असते. त्याची इमारत, चित्रांची जपणूक, पहारा, वीज यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो. अशा ठिकाणी आत आलेल्या माणसाला आपण चुकून इथे आलो असे वाटत असेल, तर दार उघडे असूनही तो बाहेरच राहिला असे म्हणावे लागेल. कलादालन-शिक्षकाचे काम सुरू होते ते इथून.

मार्गदर्शक वेगळा, शिक्षक वेगळा

या कामाची दोन-तीन शेजारच्या कामांशी गल्लत होते. पर्यटकांना वास्तू दाखवणारा मार्गदर्शक, म्हणजे गाइड, ठरलेली माहिती ठरलेल्या क्रमाने सांगतो. त्याच्या पाठीमागून चालणाऱ्यांनी ऐकायचे असते. अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर, कोणती चित्रे घ्यायची, कोणती मांडायची, कोणती कोणाशेजारी लावायची हे ठरवतो. त्याचा मुख्य संबंध कलाकृतीशी असतो. शाळेतील चित्रकलेचे शिक्षक हात घडवतात. कलादालन-शिक्षकाचा संबंध कलाकृती आणि तिच्यापुढे उभा असलेला माणूस या दोघांशी सारखाच असतो. त्याला चित्राचा इतिहास अभिरक्षकाइतका नसला तरी पुरेसा ठाऊक असावा लागतो आणि समोरचा मुलगा आज उपाशी आला आहे की काय, हेही ओळखता यावे लागते.

हे पद शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतील बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात बेंजामिन आइव्ह्‌ज गिलमन या अधिकाऱ्याने १९०७ च्या सुमारास प्रेक्षकांसोबत फिरून चित्रांविषयी बोलणारी माणसे नेमली आणि त्यांना ‘डोसंट’ हे नाव दिले. लॅटिनमधील ‘शिकवणे’ या क्रियापदावरून ते आले आहे. याच गिलमनने १९१६ साली ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर निबंध लिहिला. काचेच्या पेट्यांतील वस्तू पाहताना आणि त्यांच्या पाट्या वाचताना माणसाला किती वाकावे, ताणावे, बसावे लागते याची त्याने छायाचित्रेच काढून दाखवली. संग्रहालयात दीड तासात पाय भरून येतात आणि डोके सुन्न होते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तो आपल्या अरसिकपणाचा पुरावा नसून पुष्कळदा मांडणीचा दोष असतो, हे शंभर वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे.

एका भेटीची पूर्वतयारी

शाळेची सहल कलादालनात येऊन जाते ती साधारण दीड-दोन तासांत. तिची तयारी मात्र कित्येक दिवस आधी सुरू होते. समजा, महापालिकेच्या शाळेतील सातवीचा वर्ग येणार आहे. मुले किती, सोबत शिक्षक किती, मुले घरी कोणती भाषा बोलतात, कोणाला जिना चढायला अडचण आहे का, डबा कुठे खायचा, दप्तरे कुठे ठेवायची, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे, हे सारे आधी ठरवावे लागते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनाचेच पाहा. सर कावसजी जहांगीर सभागृहाची १९११ मधील इमारत आतून बदलून १९९६ साली हे कला दालन सुरू झाले. अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात. पाहायला हे सुंदर आहे, पण पन्नास मुलांची रांग त्या जिन्यावरून नेणारा मनुष्य सौंदर्याआधी पायऱ्यांचा विचार करतो.

त्यानंतरचा निर्णय सर्वांत अवघड असतो. प्रदर्शनात शंभर चित्रे असतील तर मुलांना दाखवायची किती? अनुभवी शिक्षक चार, फार तर पाच म्हणतात. शाळेला हे आवडत नाही. ‘एवढ्या लांब आलो आणि सगळे दाखवले नाही’ अशी तक्रार येते. पण शंभर चित्रांपुढून चालत गेलेल्या मुलाला संध्याकाळी घरी एकही आठवत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीने तेथील चित्रे वेल्समधील एका खाणीत हलवण्यात आली. रिकाम्या पडलेल्या दालनांत १९४२ पासून दरमहा एकच चित्र परत आणून मांडण्याची पद्धत सुरू झाली आणि त्या एका चित्रासाठी लोक येत राहिले. याच गॅलरीने १९९५ मध्ये प्राथमिक शाळांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्याचेही नाव ‘एक चित्र घ्या’ असेच आहे. संग्रहातील एक चित्र निवडायचे आणि शाळांनी त्याच्या आधारे भाषा, इतिहास, विज्ञान, हस्तकला असे सारे काही करायचे.

मुले आली की प्रथम नियम सांगावे लागतात. इथेही नुसते ‘हात लावू नका’ म्हणून भागत नाही. कारण सांगितले तर मुले नियम पाळतात. बोटांवर घाम आणि तेल असते, एका बोटाने काही होत नाही, पण हजार मुलांच्या हजार बोटांनी रंगाचा थर खराब होतो. देवळातील दगडी मूर्तीचे पाय भाविकांच्या स्पर्शाने कसे गुळगुळीत होतात, हे उदाहरण मुलांना लगेच पटते. दालनात अंधार का, हाही हमखास येणारा प्रश्न. कागदावरील जलरंग उजेडाने फिके पडतात, म्हणून तेथे साधारण ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवण्याचा संकेत आहे. खिडकीत राहिलेले वर्तमानपत्र पिवळे पडते, हे सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही. शाईचे पेन बाहेर ठेवायचे आणि पेन्सिलच आत न्यायची, यामागचे कारण मग मुलेच सांगतात.

दिव्याच्या उजेडात तीन प्रश्न

आता प्रत्यक्ष शिकवणे कसे चालते ते पाहू. उदाहरणासाठी मराठी वाचकांच्या ओळखीचे चित्र घेऊ. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. हातात दिवा घेतलेल्या या स्त्रीची छापील चित्रे कित्येक घरांत लागलेली आहेत. पुष्कळ जण हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. मार्गदर्शक असेल तर तो पहिल्याच वाक्यात सांगेल, की हे हळदणकरांचे आहे, ते तैलरंगात नसून जलरंगात आहे आणि त्यासाठी त्यांची कन्या उभी राहिली होती. ऐकणारे ‘अरे वा’ म्हणतील आणि पुढे जातील.

कलादालन-शिक्षक यातले काहीच सांगत नाही. तो मुलांना खाली बसवतो आणि एक मिनिट गप्प राहून चित्र पाहायला सांगतो. सातवीच्या वर्गाला एक मिनिट फार मोठे असते. मग तो विचारतो, या चित्रात काय चालले आहे? कोणी म्हणतो, बाई दिवा घेऊन चालली आहे. कोणी म्हणते, चालत नाही, उभी आहे. शिक्षक दोघांपैकी कोणालाच बरोबर वा चूक म्हणत नाही. तो दुसरा प्रश्न विचारतो, तुला हे कशावरून वाटले? आता मुलाला चित्राकडे परत जावे लागते. ती ज्योतीपुढे हात धरते आहे, म्हणजे वारा असणार. वारा आहे म्हणजे ती बाहेर असेल किंवा चालत असेल. दुसरी म्हणते, वारा असता तर पदर हलला असता. तिसरा प्रश्न असतो, आणखी काय दिसते? मग एखाद्या मुलाचे लक्ष बोटांकडे जाते. ती लालसर दिसत आहेत. का? हे मुलांना ठाऊक असते, कारण वीज गेल्यावर विजेरीवर तळवा ठेवून प्रत्येकाने हा खेळ केलेला असतो. चित्रात कोठेही दिव्याचा उजेड म्हणून पिवळा पट्टा ओढलेला नाही. चेहरा, बोटे आणि मागचा अंधार यांतून उजेड दिसतो, हे मुलांच्याच तोंडून येते.

इथे शिक्षक पहिली माहिती देतो. हे चित्र जलरंगात आहे. शाळेत जलरंग वापरलेल्या मुलांना याचा अर्थ कळतो. जलरंगात गडद झालेला भाग पुन्हा उजळ करणे फार कठीण असते. उजेडाची जागा आधीपासून राखून ठेवावी लागते. एवढा अंधार रंगवताना तो चेहऱ्यावर सांडू न देणे म्हणजे काय, याची कल्पना वर्गातील कच्च्यातल्या कच्च्या चित्रकारालाही येते. तेव्हा होणारा ‘अरे वा’ वेगळा असतो.

हे तीन प्रश्न म्हणजे कोणा एकाची लहर नव्हे. अबिगेल हाउसेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माणसे चित्र पाहताना मनात काय काय करतात याचा बरीच वर्षे अभ्यास केला. फिलिप येनवाइन हे १९८३ ते १९९३ या काळात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या शिक्षण विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या लक्षात आले, की लोकांना व्याख्याने आवडतात, पण त्यातले त्यांच्याजवळ फारच थोडे उरते. या दोघांनी मिळून जी पद्धत बसवली तिचा गाभा या तीन प्रश्नांत आहे. मुलाने सांगितलेली गोष्ट चित्रात बोटाने दाखवायची, ती आपल्या शब्दांत पुन्हा म्हणायची आणि दुसऱ्याच्या म्हणण्याशी जोडायची, एवढेच शिक्षकाने करायचे. ऐकायला सोपे वाटते. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने गप्प राहणे किती अवघड असते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. माहिती अगदीच दडवून ठेवली तर चर्चा गोल गोल फिरते आणि चित्राचा काळ, त्याचा धर्म, त्यामागचा इतिहास हरवतो. रिका बर्नहॅम आणि एलियट काइ-की या दोन अनुभवी संग्रहालय-शिक्षकांनी २०११ मधील आपल्या पुस्तकात, योग्य वेळी दिलेली माहिती पाहणे खोल करते अशी बाजू मांडली. व्यवहारात बहुतेक शिक्षक मधला मार्ग घेतात. बौद्ध शिल्पापुढे हाताची मुद्रा मुलांना आधी नीट पाहू द्यायची आणि मग तिचा अर्थ सांगायचा. अर्थ आधी सांगितला तर मुले हात पाहतच नाहीत.

‘हे तर माझा मुलगाही काढील’

प्रौढ प्रेक्षकांची कसोटी वेगळी. मुले चुकायला भीत नाहीत, मोठी माणसे भितात. अमूर्त चित्रापुढे ही भीती बहुधा चेष्टेच्या रूपाने बाहेर पडते. वासुदेव गायतोंडे यांचे चित्र घ्या. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले गायतोंडे आज देशातील थोर अमूर्त चित्रकारांत गणले जातात आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले. पण यातले एकही वाक्य चित्रापुढे उपयोगी पडत नाही. त्यांच्या चित्रांच्या लिलावातील कोटींचे आकडे तर अपायच करतात, कारण मग लोक चित्र सोडून किमतीचाच विचार करू लागतात.

‘यात काय आहे?’ असे विचारणाऱ्याला शिक्षक ‘हे कसे केले असेल?’ असे विचारून पाहतो. कारागिरीचा प्रश्न कोणालाही परका नसतो. भिंत रंगवून घेतलेल्या माणसाला रोलर ठाऊक असतो, पट्टीने लांबी भरणे ठाऊक असते. गायतोंडे ब्रशपेक्षा रोलर आणि रंगपट्टी वापरत, थरावर थर देत आणि काही ठिकाणी वरचा थर काढून खालचा उघडा करत. प्रेक्षक जवळ जाऊन, अर्थात अंतर राखून, ते थर शोधू लागतो. कुठे रंग आधी दिला, कुठे नंतर काढला यावर शेजारच्या अनोळखी माणसाशी त्याचा वादही होतो. पाच मिनिटे गेलेली असतात. चित्र ‘कळले’ की नाही हा प्रश्न त्यात मागे पडतो. त्याला ते आवडलेच पाहिजे असा शिक्षकाचा आग्रह नसतो. नीट पाहून नावडले, तर तेही चित्राला दिलेले उत्तरच आहे.

आपल्याकडे यात भाषेची एक खास अडचण आहे. कलादालनातील पाट्या आणि पुस्तिका पुष्कळदा इंग्रजीत असतात आणि मराठीत असल्या तरी त्यांतील मराठी कोशातून उतरलेले असते. ‘पोत’, ‘अवकाश’, ‘घनता’, ‘रंगभान’ हे शब्द समीक्षेत योग्यच आहेत, पण सातवीतील मुलगी त्याच गोष्टीला ‘खरखरीत’, ‘मोकळे मोकळे’, ‘जड’, ‘भडक’ म्हणते. चांगला शिक्षक आधी तिचा शब्द घेतो आणि वेळ आली की त्याशेजारी आपला ठेवतो. ‘तू खरखरीत म्हणालीस, चित्रकार त्याला पोत म्हणतात.’ मुलीला एक शब्द मिळतो आणि आपलाही शब्द चुकीचा नव्हता हे कळते. पाटीचा मजकूर लिहिताना अभिरक्षक आणि शिक्षक यांच्यात जे खटके उडतात, ते बहुधा अशा शब्दांवरूनच.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी

या कामाचा दुसरा अर्धा भाग कलादालनात न येणाऱ्यांशी निगडित आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे नातेवाईक यांच्यासाठी चित्रे पाहण्याचा उपक्रम सुरू केला. कालचे न आठवणारा माणूसही समोरच्या चित्राविषयी बोलू शकतो, हे त्यामागील साधे सूत्र होते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शाचे दालन उघडले. त्यात २२ कलावस्तूंच्या प्रतिकृती दृष्टिहीनांना हाताळण्यासाठी मांडण्यात आल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने त्याच वर्षी बसमध्ये फिरते संग्रहालय सुरू केले आणि २०१९ मध्ये आपल्या आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय उभारले.

अशा उपक्रमांच्या उद्‌घाटनाची बातमी होते, छायाचित्र छापून येते. पण प्रतिकृती हातात देताना दृष्टिहीन मुलाचा हात कोठून कोठे न्यायचा, बसपुढे रांगेत उभ्या मुलांना उन्हात किती वेळ थांबवायचे, हे ज्याला रोज ठरवावे लागते तो शिक्षकच असतो. उपक्रम चालतो तो त्याच्यावर, आणि तो सोडून गेला की पुष्कळदा उपक्रमही थंडावतो.

काम कायमचे, नोकरी तात्पुरती

येथे या पेशाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवावे लागेल. जगभर संग्रहालयांच्या अहवालांत शिक्षण हे पहिल्या पानावर असते आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कुऱ्हाडही त्यावरच पडते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्याख्याने देणारे आणि मुलांना शिकवणारे २७ जण या प्रश्नावर रोजगार न्यायाधिकरणात गेले. त्यांपैकी कित्येकांनी तेथे दशकानुदशके काम केले होते. मानधनातून कर कापला जाई, पण कागदोपत्री ते स्वतंत्र व्यावसायिक होते. २०१७ मध्ये त्यांचे काम थांबले. आपण त्यांना अधिक सुरक्षित स्वरूपाच्या नोकऱ्या देऊ केल्या होत्या, असे गॅलरीचे म्हणणे होते. त्यांत कामही कमी आणि पैसेही कमी, असे शिक्षकांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने निर्णय दिला, की ते स्वतंत्र व्यावसायिक नसून ‘कामगार’ आहेत आणि भरपगारी रजेसारखे हक्क त्यांना आहेत. मात्र कायद्याच्या भाषेतील ‘कर्मचारी’ हा दर्जा त्यांना मिळाला नाही, त्यामुळे अन्यायाने काढल्याचा दावा टिकला नाही.

पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, करोनाच्या साथीत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या सर्व कंत्राटी शिक्षकांचे करार संपवले. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये वेगळाच निर्णय घेतला. १९६१ पासून चालत आलेली विनावेतन स्वयंसेवक मार्गदर्शकांची व्यवस्था तिने बंद केली आणि पगारी शिक्षकांकडे वळण्याचे ठरवले. वर्षानुवर्षे निष्ठेने राबलेल्या ज्येष्ठ स्वयंसेवकांना असे निरोप देणे अनेकांना क्रूर वाटले आणि त्यावर मोठा वाद झाला. पण त्या निर्णयामागचा प्रश्न खोटा नव्हता. पगार न घेता आठवड्यातील दिवस देणे ज्यांना परवडते, असेच लोक मुलांपुढे उभे राहणार असतील, तर समोरच्या मुलांच्या घराशी त्यांची ओळख कितपत असणार?

आपल्याकडे त्याही आधीचा प्रश्न आहे, तो म्हणजे पदच किती ठिकाणी आहे. मोठ्या शहरांतील मोजकी संग्रहालये सोडली तर स्वतंत्र शिक्षण विभाग क्वचितच दिसतो. बहुतेक ठिकाणी तिकीट फाडणारा, पहारा देणारा आणि कोणी विचारलेच तर दोन वाक्ये सांगणारा माणूस एकच असतो. शिक्षणाची सोय अजिबात नाही असे नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांनी स्वतःचे पदविका अभ्यासक्रम सुरू केले. ए. टी. डी. करून शाळेत लागण्याऐवजी इकडे वळू पाहणारे तरुणही आहेत. शिकून बाहेर पडलेल्याला नोकरी कोठे, याचे उत्तर मात्र अभ्यासक्रम देऊ शकत नाहीत. सहा महिन्यांच्या प्रकल्पावर नेमलेला शिक्षक सहाव्या महिन्यात दुसरी नोकरी शोधत असतो. एखाद्या शाळेशी, तेथील बाईंशी, त्या वस्तीशी त्याचा परिचय जुळेपर्यंत तो गेलेला असतो.

औंधच्या टेकडीवर

सातारा जिल्ह्यातील औंधचे उदाहरण या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेली चित्रे आणि शिल्पे लोकांना पाहता यावीत म्हणून यमाईच्या टेकडीवर १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभे राहिले. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे तेथे आहेत. इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘आई आणि मूल’ हे शिल्पही तेथे आहे. मुंबई-पुण्याच्या कलारसिकालाही परदेशी संग्रहालयात जाऊन पाहावे लागेल असे हे काम माणदेशाच्या वेशीवर, तालुक्याच्या शाळेतील मुलांच्या आवाक्यात आहे.

शाळेची सहल टेकडी चढते, यमाईचे दर्शन घेते, रांगेने संग्रहालयातून फिरते आणि बसमध्ये बसते. मूरच्या शिल्पातील आई रविवर्म्याच्या चित्रातील आईसारखी दिसत नाही. मग ती आई आहे हे कशावरून ओळखायचे? मुलाला तिने कसे धरले आहे? आपल्या घरी कसे धरतात? एवढे विचारणारा एक माणूस तेथे उभा असेल तर चाळीस मुलांपैकी निदान पाच-सहा तरी दहा मिनिटे तिथून हलणार नाहीत. कलावस्तू आहे, इमारत आहे, मुलेही आलेली आहेत. उणीव आहे ती एका पदाची आणि ते भरून कायम ठेवण्याच्या इच्छेची.

ही इच्छा वरून येईल तेव्हा येईल, पण वाचकांच्या हाती असलेली एक गोष्ट साधी आहे. पुढच्या वेळी कलादालनात जाल तेव्हा तिकीट-खिडकीवर विचारा, की मराठीतून चित्रे दाखवणारे कोणी आहे का, आणि असल्यास कोणत्या दिवशी, किती वाजता. नाही असे उत्तर आले तर ते अभिप्राय-वहीत नोंदवा. मागणीची नोंद झाल्याशिवाय सरकारी वा निमसरकारी संस्थेत पद निर्माण होत नाही. आणि उत्तर आहे असे आले, तर मुलांना घेऊन त्या वेळी जा; चारच चित्रे पाहून परत या.